पूजेच्या फोटोला चपला नसतात

१

दर बुधवारी सकाळच्या एसटीनं अनुसयाबाई समुद्रपूरहून जामला जायची. पिशवीत नातीसाठी राजगिऱ्याचे लाडू असत, घरच्या तुपाचा डबा असे आणि पोटात राग असे. लाडू आणि तूप जामला राहायचं. राग तेवढा परत यायचा, तोही वाढून. ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. थोरली लेक कोकिळा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि लोक म्हणत, काळ हे औषध आहे. असेल. अनुसयाबाईला ते लागू पडलं नव्हतं.

कोकिळा जामच्या चौफुलीवर दिलेली. जावई रूपराव, त्याचं टायर-ट्यूब आणि ताडपत्र्यांचं दुकान. दुकानाच्या मागे घर: पुढे ओटा, मग बैठक, मग आतली खोली. अनुसयाबाईला बैठकीतल्या दिवाणावर बसवत, कपबशीत चहा देत, दोन वर्षांच्या मंदीला आणून मांडीवर ठेवत. आतल्या खोलीचं दार मात्र कोकिळा गेल्यापासून लोटलेलं असायचं. "पसारा आहे," असं विहीण शकुंतलाबाई सांगायची. वर्षभर कुणाचा पसारा आवरत नाही?

बैठकीच्या भिंतीवर विलायती देखावे होते. रूपरावाचे आजोबा मोतीलाल कापसाच्या दलालीत असताना, जिनिंगच्या मशिनी विकायला आलेल्या कुणा अमेरिकन साहेबानं त्यांना ते भेट दिलेले. मूळ काळे-पांढरे फोटो आणि त्यांवर हातानं भरलेले रंग, आता जरा उतरलेले. सगळे तिकडच्या खेड्यातले. एकात कच्चा रस्ता आणि कडेला पांढऱ्या खोडांची झाडं. एकात ओढ्यावरचा दगडी पूल. एकात फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेली बाग. एकात लाकडी घर, दार बंद. नीट पाहिलं तर सगळं एकाच गावचं वाटे. रस्ता पुलाकडे जाई, पुलापलीकडे बाग दिसे, बागेमागे घराचं छप्पर. त्या घराच्या आतला, भिंतीतल्या चुलीचा एक पाचवा फोटोही होता, पण तो मोतीलालांनी आतल्या खोलीत लावला होता. चूल कोणी बैठकीत ठेवते काय, असं म्हणाले होते म्हणे. नवी नवरी असताना कोकिळेनं माहेरी येऊन हे सांगितलं होतं आणि पोट धरून हसली होती. कुठल्याच फोटोत माणूस नव्हता.

देखावे होते, गायवासराचं कॅलेंडर होतं, टायरवाल्यांनी दिलेलं घड्याळ होतं. कोकिळेचा फोटो नव्हता. याच घरात राबून मेलेल्या सुनेचा बोटभर फोटो भिंतीवर नव्हता, आणि त्याची लाज कुणाला वाटत नव्हती.

त्या बुधवारी शकुंतलाबाई परसातून आली आणि ओट्यावर चपला काढून आत शिरली. अनुसयाबाईची नजर चपलांवर गेली. अंगठ्यापाशी लाल दोऱ्याचा टाका होता. तो टाका तिनं स्वतः समुद्रपूरच्या मोच्याकडून घालून आणला होता. कोकिळेच्या चपला. विहीणबाई त्या घालून परसाकडे जात होती.

याच चपलांवरून तर सगळं अडलं होतं. वैशाखातल्या भर दुपारी कोकिळा वावरातल्या विहिरीवर गेली, पाय घसरला आणि पडली, असं सगळे म्हणाले. पंचांनीही तसंच म्हटलं. आणि चपला ओट्यावर होत्या. इकडच्या वैशाखात दुपारी जनावरसुद्धा सावली सोडत नाही. जमिनीवर पाय ठेववत नाही. आणि कोकिळेच्या टाचांना भेगा पडत, रक्त येई, म्हणून ती चूल-पोतेरं करतानाही चपला घालायची. सासूची बोलणी खायची पण घालायची. ती बाई वावरापर्यंत अनवाणी गेली? स्वतःच्या पायांनी? अनुसयाबाईनं हे तेराव्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, लक्ष्मणरावांनी, तिला दंड धरून बाहेर नेलं.

"ईनबाई," ती आता म्हणाली, "वर्षश्राद्ध आलं. माह्या पोरीचा फोटो काऊन नाई लावला अजून?"

"लावू ना बाप्पा. फ्रेम का फुकट येते?" शकुंतलाबाई उठली, भिंतीवरचा रस्त्याचा देखावा खिळ्यावरून काढला, पदरानं धूळ पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवला. "हे घ्या. काच चांगली आहे. आतला कागद फेकून द्या अन् तिचा फोटो बसवून आणजा." मग जरा थांबून, लाडीगोडीनं: "अन् वर्ष सरलं का शोभाचं पक्कं करून टाकू. पोरीले आई पायजे. मावशीवानी माया दुसरी कोण करन?"

शोभा म्हणजे अनुसयाबाईची धाकटी. थोरली गेली की धाकटी द्यायची, ही रीतच होती. लक्ष्मणराव रीतीला धरून वागणारे.

२

तानबाचा स्टुडिओ समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर. जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची गिऱ्हाइकी त्याला जास्त. खेड्यातली माणसं जन्मात एकदा फोटो काढणार, तोही दहाजणांत उभं राहून. मग माणूस गेलं की तानबा त्यातून त्याला वेगळं कापायचा, मोठं करायचा, काडीला कापूस गुंडाळून गालांना गुलाबी आणि लुगड्याला हिरवा-तांबडा रंग भरायचा. तालुक्यातल्या अर्ध्या भिंती त्याच्याच हातच्या होत्या.

कोकिळेचा एकच फोटो होता, लग्नानंतरचा, जोडीनं काढलेला.

"त्याले काप," अनुसयाबाई म्हणाली.

"काकू, त्यांचा हात ताईच्या खांद्यावर आहे."

"मंग हात बी काप."

आठवड्यानं ती फोटो घ्यायला गेली. तानबानं कागदात गुंडाळलेली फ्रेम अगदी नवरी दाखवावी तशी उघडली. त्यानं देखावा फेकला नव्हता. पांढऱ्या झाडांच्या रस्त्यावर, अगदी पुढच्या झाडाखाली, कोकिळा उभी होती. पोपटी पातळ, कपाळाला मोठं कुंकू, नजर समोर. जुन्या उतरलेल्या रंगांत तिचा पोपटी रंग तेवढा ताजा होता.

"असा रंग आता कोणी भरत नाई काकू. फेकवला नाई माह्यानं," तानबा म्हणाला. "म्हटलं, ताईले चांगल्या जागी उभी करू. सावली आहे, झाडं आहे."

सावलीतली जागा अनुसयाबाईला आवडली. तिनं काचेवरून बोट फिरवलं, चेहऱ्यावरून, पातळावरून, निऱ्यांवरून, आणि बोट खाली जाऊन थांबलं.

"चपला कोठी गेल्या?"

"अं?"

"लग्नाच्या फोटोत चपला होत्या तिच्या पायात. नव्या. म्याच घेतल्या होत्या."

"पूजेचा फोटो आहे ना काकू," तानबा समजावणीच्या सुरात म्हणाला. "हार घालान, कुंकू लावान, पाया पडान. त्याच्यात चपला कशा चालन? म्या खोडल्या अन् पाय रंगवले. मी सगळ्याइच्याच खोडतो."

खरंच होतं ते. तानबानं खोडल्या नाहीत अशा चपला तालुक्यातल्या कुठल्या भिंतीवर नव्हत्या. गेलेलं माणूस देवाच्या रांगेत जाऊन बसतं आणि देवापुढे चपला काढायच्या असतात, एवढा साधा हिशेब. पण अनुसयाबाईच्या डोक्यात सणक गेली.

"माही पोरगी अनवाणी नाई हिंडत! चपला घाल तिच्या पायात!"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तानबा हात जोडून म्हणाला, "नाई काकू, ते पाप मले सांगू नका." तिनं फ्रेम ओढून घेतली आणि तशीच घरी आली.

३

श्राद्धापर्यंत फोटो समुद्रपूरलाच राहणार होता. मधल्या घरात खिळा ठोकून तिनं तो लावला. रोज सकाळी दिवा लावायची आणि पायांकडे न बघता हात जोडायची.

पहिल्यांदा तिला वाटलं की आपण विसरलो. कोकिळा अगदी पुढच्या झाडाखाली होती ना? मग आता ती दोन झाडं सोडून कुंपणापाशी कशी? अनुसयाबाई जुनी सातवी शिकलेली. अंगारे-धुपारे तिच्या घरात चालत नसत आणि शेजारणीच्या अंगात आलं की ती तिला लिंबूपाणी पाजायची. तिनं स्वतःलाच सुनावलं, की डोळ्यांवर पडदा आला असेल, आणि राग माणसाला काहीही दाखवतो. मग डोळे धुऊन पुन्हा पाहिलं. कोकिळा कुंपणापाशीच होती आणि जराशी लहान झाली होती, लांब गेलेलं माणूस होतं तशी.

घरात तेव्हा दुसरंच चाललं होतं. लक्ष्मणराव वर्षश्राद्धाच्या दिवशीच जामला शोभाला कुंकू लावायचं ठरवून आले होते.

"एकाच दिवशी?" अनुसयाबाईनं विचारलं. "सकाळी थोरलीचं जेवण अन् दुपारी धाकटीचं कुंकू?"

"जाणं-येणं वाचते. अन् जावई माणूस वाईट नाई. दारू नाई, पत्ते नाई."

"चपला ओट्यावर होत्या."

"पुन्हा तेच. वर्ष झालं, तू त्या चपला सोडून नाई राह्यली."

"म्या नाई सोडल्या. त्याइनं सोडल्या."

लक्ष्मणराव जोडे घालायला उठले. वाईट माणूस नव्हे. पण काही माणसं इतकी चांगली असतात की त्यांच्या चांगुलपणाखाली घरची पोरं चिरडतात, आणि त्यांना 'शब्द दिला' यापलीकडे काही दिसत नाही. अनुसयाबाईला त्या क्षणी जावयापेक्षा नवऱ्याचाच जास्त राग आला.

शोभा खाटेवर शेवया पसरत होती. बाप बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "मी नाई म्हटलं तर कोण ऐकन, आई?" आणि मग भिंतीकडे पाहून, अगदी सहज: "तानबानं ताईले असं पाठमोरं काऊन केलं?"

अनुसयाबाईनं वळून पाहिलं. रस्त्याच्या वळणावर पोपटी पाठ होती आणि पाठीवर वेणी. चेहरा नव्हता. कापलेल्या जोडफोटोत कोकिळेनं समोर पाहिलं होतं. तिच्या पाठीचा फोटो जगात कुणी काढला नव्हता.

४

मग एका सकाळी रस्ता रिकामा होता.

अनुसयाबाईनं दिवा खाली ठेवला, फ्रेम उतरवली आणि अडकित्त्यानं मागचे खिळे उपटले. पुठ्ठा काढला. खाली पडली असेल, काचेला चिकटली असेल, कागदामागे सरकली असेल. तिनं पुठ्ठा झटकला, काच उन्हात धरली. काही नाही. जिथं तानबानं तिला चिकटवलं होतं तिथं डिंकाचा डागसुद्धा नव्हता. मातीचा रस्ता, झाडांच्या सावल्या, सगळे रंग अखंड, कुणी तिथं कधी उभंच नव्हतं असे.

"डिंक खराब वापरला असन," लक्ष्मणराव म्हणाले. "गेली असन उडून. तानबाले दुसरी लावायले सांग."

तानबानं रिकामा देखावा पाहिला आणि हात मागे घेतला. "आईची शप्पथ काकू, सरसानं चिकटवली होती मी," तो म्हणाला. "फाटन, पण निघणार नाई." तिनं दुसरी कापून लाव म्हटल्यावर त्यानं ऐकलं नाही. त्या दिवशी त्यानं दुकानच लवकर बंद केलं.

तिनं देखावा पुन्हा फ्रेममध्ये बसवला, खिळे ठोकले, वर जुनं धडपं गुंडाळलं आणि लक्ष्मणरावांना सांगितलं, "लावून देली त्यानं." आयुष्यात नवऱ्याशी इतकं सरळ खोटं ती पहिल्यांदा बोलली आणि तिला काही वाटलं नाही.

५

बुधवारी जामला बैठकीत बसल्या बसल्या तिची नजर भिंतीकडे गेली. पुलाच्या देखाव्यात, दगडी कठड्याला लागून, पोपटी काहीतरी होतं. नखाएवढं.

"हे काय आहे वो ईनबाई?"

शकुंतलाबाईनं डोळे बारीक केले. "शेवाळ असन. ओल आली भिंतीले."

"वैशाखात?"

शकुंतलाबाईनं मंदीला उगाच दटावलं.

रूपराव दुकानातून पाणी प्यायला आला. नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला. तो भिंतीकडे पाठ करून बसला, आणि अनुसयाबाईच्या ध्यानात आलं की तो गेले कित्येक बुधवार असाच बसतो. ओट्यावर त्याची खाट टाकलेली दिसत होती, उशीसकट.

"बाहेर झोपून राह्यले काय जावईबापू?"

"आत गरमते," तो म्हणाला आणि भांडं अर्धं ठेवून उठला.

पुढच्या बुधवारी पूल मोकळा होता. पोपटी रंग बागेत आला होता, आता बोटाच्या पेरापेक्षा मोठा, आणि हे शेवाळ नव्हे हे आंधळ्यालाही कळलं असतं. अनुसयाबाई मंदीला कडेवर घेऊन भिंतीपाशी गेली. देखाव्यात तिकडची सकाळ होती, कोवळी, थंड. फुलं गळून गवतावर पडलेली. त्या सगळ्या गारव्यात ती बाई डोक्यावरून पदर ओढून, वाकून, टाच टेकू न देता चालली होती. तापल्या जमिनीवर माणूस चालतं तशी. एक पाऊल उचललेलं आणि दुसरं ठेवायला भ्यायलेलं.

अनुसयाबाईला रडू आलं नाही, तिला प्रचंड संताप आला. मेल्यावरही हिच्या पायांखालचं ऊन संपलं नाही. सात समुद्रांपलीकडच्या सावलीत नेऊन उभी केली तरी ही पोर होरपळतच चालली आहे, कारण एकानं तिला चपलांशिवाय नेलं आणि दुसऱ्यानं पुण्य म्हणून उरल्यासुरल्याही खोडल्या. आणि चपला कुठं आहेत? म्हातारी त्या घालून परसाकडे जाते.

हे सगळं आपल्या मनाचे खेळ असतील, असं ती परतीच्या एसटीत स्वतःला सांगत राहिली. खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी वावरं तापून थरथरत होती. पण मन एकाच वाटेनं पुढे जात होतं. रस्ता पुलाकडे जातो. पूल बागेकडे. बागेमागे ते बंद दाराचं घर. आणि घराच्या आतलं, चुलीपुढचं चित्र बैठकीत नाही. ते आतल्या खोलीत आहे, जिचं दार वर्षभर लोटलेलं आहे.

घरी येऊन ती शोभाला जवळ घेऊन बसली. या पोरीची खाट त्याच खोलीत पडणार होती.

६

वर्षश्राद्धाला ऊन असं होतं की जामच्या चौफुलीवरचं डांबर पातळ झालं होतं. जेवणं झाली. पाहुणे बैठकीत दाटीवाटीनं बसले, ओट्यावर जोड्यांचा ढीग पडला. शकुंतलाबाईनं ताट आणलं. त्यात कुंकू, नारळ, शोभासाठी पिवळं पातळ.

"बस वो शोभा, पाटावर बस."

शोभा बसली. तिची मान इतकी खाली गेली होती की भांगाशिवाय काही दिसत नव्हतं. रूपराव समोर, नेहमीसारखा भिंतीकडे पाठ करून. लक्ष्मणराव धोतराचा सोगा सावरत हसत होते. कुणी कोकिळेचं नाव काढलं नाही. तिच्या नावाचं जेवून सगळे हात पुसत बसले होते.

अनुसयाबाईनं वर पाहिलं. बाग मोकळी होती. शेवटच्या देखाव्यातलं लाकडी घर तसंच होतं, फक्त त्याचं दार, जे मोतीलालांच्या काळापासून बंद होतं, ते वीतभर उघडं होतं. आत अंधार होता. उंबऱ्यावर पोपटी पदराचं टोक दिसलं, आणि ती बघत असतानाच ते दिसेनासं झालं. की तिच्या डोळ्यांची पापणी लवली, कोण जाणे.

"थांबा," ती म्हणाली.

शकुंतलाबाईचा कुंकवात बुडवलेला अंगठा तसाच राहिला.

"आधी माह्या थोरलीचा फोटो लागन. मंग धाकटीले कुंकू."

यावर कुणी काय बोलणार? पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "बरोबर आहे बाई." अनुसयाबाईनं पिशवीतून धडप्यात गुंडाळलेली फ्रेम काढली आणि न उघडताच रूपरावापुढे धरली.

"तुमच्या हातानं लावा जावईबापू. आतल्या खोलीत, चुलीच्या फोटोच्या बाजूले."

"इथंच लावू ना. बैठकीत," रूपराव म्हणाला.

"चूल कोणी बैठकीत ठेवते काय? तशीच घरची बाई. आतच शोभते. तुमच्याच घरचं बोलणं आहे."

चारचौघं बघत होते. रूपरावानं फ्रेम घेतली, कोनाड्यातला हातोडा घेतला. दारापाशी तो थबकला आणि त्यानं सासूकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते बघून दुसरी एखादी विरघळली असती. अनुसयाबाईला वाटलं, आता 'राहू द्या' म्हणावं, अजून वेळ आहे. मग तिला ओट्यावरच्या चपला आठवल्या आणि ती म्हणाली, "जा."

तो आत गेला. दार त्याच्यामागे लोटलं गेलं.

ठक, ठक, असा खिळा ठोकल्याचा आवाज आला. पाहुणे पुन्हा बोलायला लागले, कुणीतरी पान मागितलं. मग ठकठक थांबली. आणि आतून दुसराच आवाज यायला लागला. फटक. फटक. शहाबादी फरशीवर चपला घालून कुणीतरी सावकाश चालत होतं, टाच पूर्ण टेकवत, काही घाई नसल्यासारखं. सगळ्यांचे जोडे ओट्यावर होते. रूपराव अनवाणी आत गेला होता.

बोलणं बंद पडलं. शोभानं मान वर केली.

आवाज थांबला आणि रूपराव बोलला. ओरडला नाही. हळू, अजीजीनं, आपल्या माणसापाशी चूक कबूल करावी तसा.

"ध्यानातच नाई आलं वो," तो म्हणाला. "चपलाचं ध्यानातच नाई आलं तवा."

लक्ष्मणरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं, पुसायचं विसरल्यासारखं. वर्षभर बायको जे ओरडून सांगत होती ते त्यांना आत्ता ऐकू आलं.

७

दार उघडलं. रूपराव बाहेर आला तेव्हा त्याचे हात मोकळे होते. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. पाटावरच्या शोभाला वळसा घालून, माणसांच्या मधून, कुणीतरी पुढे घालून न्यावं तसा तो ओट्यावर गेला आणि ओट्यावरून खाली उन्हात उतरला.

"जावईबापू, चपला..." लक्ष्मणराव सवयीनं म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच उमगून थांबले.

रूपरावाचे जोडे ढिगात होते. तो तापल्या मातीतून अनवाणी चालला होता, वावराच्या वाटेनं. टाचा उचलत नव्हता. पाऊल पोळत असल्याचं काही लक्षण नव्हतं.

"अरे रूपराव! कोठी चालला बापा?" शकुंतलाबाई ओट्यावर धावली. पाय खाली टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. "माह्या चपला कोठी गेल्या? आत्ता तर इथंच होत्या! लाल टाक्याच्या!"

"तुमच्या?" अनुसयाबाई म्हणाली.

तिनं आरडाओरडा केला असता तर चौफुलीवरचे ड्रायव्हर, हमाल, कुणीही धावले असते. वावर काही लांब नव्हतं. तिच्या घशात आवाज होता, चांगला खणखणीत. तिनं तो वापरला नाही. ती वळली आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या आतल्या खोलीत गेली.

पसारा नव्हता. एक पलंग होता, गादी गुंडाळलेली. फरशी स्वच्छ होती. भिंतीवर चुलीचा फोटो होता आणि त्यात चूल होती, खुर्ची होती, माणूस नव्हतं. फोटोतलं मागचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून बाहेरची बाग दिसत होती. शेजारी नव्या खिळ्यावर तिची फ्रेम टांगली होती, वाकडी. धडपं खाली पडलं होतं.

पांढऱ्या झाडांच्या रस्त्यावर दोघंजण पाठमोरे चालले होते. पुढे एक पुरुष, डोकं उघडं, पाय उघडे, मान खाली. आणि त्याच्या मागे, त्याला थांबू न देता, पोपटी पातळातली बाई. पदर डोक्यावर नव्हता. ती ताठ चालली होती. तिच्या पायांत चपला होत्या, आणि त्या तानबानं रंगवलेल्या नव्हत्या.

बाहेर माणसं आता पळायला लागली होती. कुणीतरी विहिरीचं नाव घेतलं. शकुंतलाबाईचा आवाज ओट्यावरून येत होता, पण ओट्याच्या खाली जात नव्हता.

अनुसयाबाईनं फ्रेमला हात लावून ती सरळ केली. मग बाहेर येऊन पाटावर बसलेल्या शोभाला दंड धरून उठवलं. कुंकवाचं ताट पायानं बाजूला सारलं.

"मंदीले घे कडेवर," ती म्हणाली. "घरी जाऊ. अन् ऊन लय आहे, चपला घाल."